हंताविषाणू रोगाचे प्रादेशिक वितरण

हंताविषाणूंचा माणसाला होणारा रोग सगळीकडे सारखा नाही. आशिया व यूरोपात तो मुख्यतः मूत्रपिंडांवर आघात करतो, तर अमेरिकेच्या दोन्ही खंडांत फुप्फुसे व हृदयावर. प्रत्येक विषाणू बहुधा एकाच जातीच्या कृंतकाला (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याला) धरून असतो. त्या प्राण्याला सहसा आजार होत नाही, मात्र त्याच्या मूत्र, विष्ठा व लाळेतून विषाणू बाहेर पडतो आणि ते मिसळलेल्या धुळीबरोबर माणसाच्या श्वासात जातो. म्हणून रोगाचा नकाशा वाचायचा तर आधी उंदराचा अधिवास पाहावा लागतो.

कोरियन युद्धात (१९५०–५३) सुमारे ३,००० सैनिकांना रक्तस्रावी ज्वर झाला. त्याचा विषाणू कोरियन विषाणुशास्त्रज्ञ हो वांग ली यांना १९७६ मध्ये पट्टेरी रानउंदराच्या फुप्फुसांत सापडला. कोरियातील हंतान नदीवरून त्याला नाव मिळाले. चीन व कोरियात हा शेतकऱ्यांचा रोग आहे आणि सुगीच्या दिवसांत तो वाढतो.

यूरोपातला पूमाला विषाणू सौम्य असतो. त्याने दगावणारे १ टक्क्याहून कमी. फिनलंडमध्ये व्होल या आखूड शेपटीच्या उंदरांची संख्या दर तीन-चार वर्षांनी फुगते आणि रुग्णही त्याच तालावर वाढतात. जर्मनी व बेल्जियममध्ये बीच वृक्षांना भरघोस बी धरले की ते खाऊन व्होल वाढतात आणि पुढच्या वर्षी साथीची शक्यता असते. बाल्कन प्रदेशातला दोब्रावा विषाणू मात्र बराच घातक आहे.

अमेरिकेत १९९३ च्या वसंतात न्यू मेक्सिको राज्याच्या परिसरात धडधाकट तरुण श्वास कोंडून मरू लागले, तेव्हा फुप्फुसांचा प्रकार प्रथम ओळखला गेला. एल निन्योच्या (प्रशांत महासागराचे पाणी तापून हवामान बदलण्याच्या घटनेच्या) पावसाने खाद्य वाढले होते, पाठोपाठ उंदीरही. या रोगात तिघांपैकी एकाहून अधिक रुग्ण दगावतात. आपल्या गावाचे नाव विषाणूला कोणालाच नको होते. शेवटी त्याला ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘निनावी’, म्हटले गेले. अर्जेंटिना व चिलीतील अँडीज विषाणू याहून वेगळा, कारण तो माणसाकडून माणसाला लागतो. अर्जेंटिनातील एपुयेन गावी २०१८-१९ मध्ये ३४ जण आजारी पडले, ११ मृत्युमुखी पडले.

या नकाशात न बसणारा विषाणू म्हणजे सोल. तो तपकिरी उंदराचा. हा उंदीर जहाजांतून जगभर गेला, त्यामुळे सोल विषाणू बंदरे आणि शहरांत कुठेही सापडू शकतो. २०१७ मध्ये अमेरिका व कॅनडात तर हौसेने पाळलेल्या उंदरांपासूनच त्याची लागण झाली.