सांजच्याला दिसावं म्हणून

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर सिस्टरांनी बाटली हलवली, चमचा २ मिलीच्या खुणेपर्यंत भरला आणि पोराच्या जिभेवर रिता केला. पिवळसर तेल ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं, ते आजीनं पदरानं टिपलं. “कशाचं म्हणायचं हे?” “‘अ’ जीवनसत्त्व, आजी. सांजच्याला दिसावं म्हणून.” नाशिकला परतताना सावळघाटात अंधारून आलं, तरी आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. पोटात गेलेलं तेल डोळ्याच्या पडद्यात करतं काय? हे शोधण्यात अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांचं उभं आयुष्य गेलं.

रातांधळेपणावर कलेजी खाऊ घालणं फार जुनं. कारण मात्र ठाऊक नव्हतं. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांनी रोममध्ये अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्याचा पडदा काढून पाहिला. तो लाल होता आणि उजेडात बघता बघता फिका पडला. पुढे हायडेलबर्गला विल्हेल्म क्यूने यांनी तो रंग पित्तक्षारांच्या द्रावणात उतरवून घेतला. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींमधलं हेच रोडोप्सिन. १९२५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर उडालेला रंग सावकाश भरून येतो. पण ते जीवनसत्त्व खुद्द पडद्यात असतं का, हे कुणी दाखवलं नव्हतं.

वॉल्ड न्यूयॉर्कचे, जन्म १९०६ चा. कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट यांच्याकडे शिकून ते शिष्यवृत्तीवर बर्लिनला ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं पडद्याच्या अर्कात त्यांनी अँटिमनी ट्रायक्लोराइड घातलं आणि निळा रंग चढला. ‘अ’ जीवनसत्त्वाची ही खूण! झुरिचला पाउल कारर यांनी त्याची रचना नुकतीच उलगडली होती, त्यांच्याकडे जाऊन वॉल्ड यांनी खात्री करून घेतली. तोवर १९३३ उजाडलं होतं, हिटलर सत्तेवर आला होता आणि वॉल्ड ज्यू. माघारी बोलावणं आलं. निघण्यापूर्वी ते हायडेलबर्गला होते, क्यूने यांच्याच गावात. सुट्टीमुळं ओस पडलेल्या प्रयोगशाळेत बेडकांची खेप येऊन पडली आणि हा माणूस एकटा कामाला लागला. त्या पडद्यांतून त्यांना रेटिनल सापडलं, ‘अ’ जीवनसत्त्वाचं सख्खं भावंड. या प्रसंगाशी मी दरवेळी थबकतो. देश सोडायची घाई असताना बेडकांच्या डोळ्यांकडे बघायला मन किती शांत लागत असेल!

पुढची दशकं हार्वर्डला गेली. रूथ हबार्ड यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की उजेडाचं काम एवढंच: वाकलेल्या रेटिनलला सरळ करणं. रोडोप्सिन म्हणजे रेटिनल आणि त्याला धरून असलेलं प्रथिन; तेवढ्यानं त्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या निरोपाची सुरुवात होते. १९६७ चं नोबेल वॉल्ड यांना रॅग्नर ग्रॅनिट आणि केफर हार्टलाइन यांच्याबरोबर मिळालं. हबार्ड यांचं नाव त्यात नव्हतं, आणि मला ते आजही खटकतं.

सरळ झालेलं रेटिनल पुन्हा वाकवून वापरात येतं, पण थोडं थोडं वाया जातंच. ती तूट शेवग्याच्या पाल्यातून, लाल भोपळ्यातून, दुधातून भरून निघते. शिल्लक राहील ते यकृतात साठतं. कलेजीचा गुण तो हाच. आणि म्हणूनच नवव्या महिन्यात १ लाख एककं दिली की पुढं दर सहा महिन्यांनी २ लाखांचा डोस पुरतो. ओट्यावर सिस्टरांनी कार्डावर पुढची तारीख लिहिली. आजीनं कार्डाची घडी घालून ते चंचीत ठेवलं आणि नातवाला कडेवर घेतलं.