ऑडिओ ट्रॅक बदलणे

एकाच व्हिडिओ फाइलमध्ये अनेक ध्वनी असताना त्यांतला एक काढून त्या जागी दुसरा बसवणे आणि चित्र, बाकीचे ध्वनी व सबटायटल्स होती तशी ठेवणे, या कामाला ऑडिओ ट्रॅक बदलणे म्हणतात. डबिंगची सुधारलेली आवृत्ती हाती आली, एका भाषेचा आवाज खरखरीत निघाला, व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण वेगळ्या माइकवर जास्त स्वच्छ मिळाले, अशा वेळी ही गरज पडते. यासाठी व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ती नव्याने एक्सपोर्ट करण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाळावी. तिच्यात चित्र पुन्हा एन्कोड होते, म्हणजे नव्याने संकुचित करून लिहिले जाते, तास-दोन तास जातात आणि चित्राचा दर्जा विनाकारण उतरतो.

एमपी४ किंवा एमकेव्ही हा चित्राचा प्रकार नसून डबा आहे, हे लक्षात घेतले की काम सोपे होते. डब्यात चित्र, प्रत्येक ध्वनी आणि प्रत्येक सबटायटल हे वेगवेगळे प्रवाह असतात. एमकेव्हीच्या मागचा मात्रोस्का हा खुला आराखडा २००२ साली सुरू झाला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याला हे नाव पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आरएफसी ९५५९ म्हणून इंटरनेटच्या मानकांत आला. हे प्रवाह फाइलमध्ये एकामागून एक नसतात, तर छोट्या तुकड्यांनी एकमेकांत गुंफलेले असतात. म्हणून जुना ट्रॅक जागच्या जागी उपटता येत नाही, नवी फाइल लिहावीच लागते. तेवढी जागा डिस्कवर मोकळी हवी. मात्र प्रवाह जसेच्या तसे उचलले जात असल्याने हे काम बहुधा काही मिनिटांत उरकते. याला रिमक्सिंग म्हणतात.

एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल आणि नवा ध्वनी दोन्ही जोडायचे, नको त्या ट्रॅकची खूण काढायची, नवा ट्रॅक त्याच्या जागी ओढायचा आणि मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे निवडलेले प्रवाह गुंफून नवी फाइल लिहिणे, सुरू करायचे. एफएफएमपेग या लेखी आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच काम ‘मॅप’ (कोणते प्रवाह घ्यायचे) आणि ‘कॉपी’ (ते जसेच्या तसे उचलायचे) या सूचनांनी होते. तिथे मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे दुसरा ध्वनी म्हणजे क्रमांक १. ‘मॅप’ दिलेच नाही, तर एफएफएमपेग स्वतःच एक ध्वनी निवडतो आणि बाकीचे गाळतो. मूळ फाइल पुसण्याआधी नव्या फाइलमधले ट्रॅक मोजावेत ते यासाठीच.

खरी कसोटी लागते ती मेळ बसवताना. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो. मैदानाच्या कडेला बसून क्रिकेट पाहताना फटका आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, त्याची आपल्याला सवय असते. आवाज आधी आणि ओठ नंतर, असे मात्र निसर्गात घडत नाही.

मेळ तपासायला टाळी, दार आपटणे किंवा ‘प’, ‘ब’, ‘म’सारखे ओठ मिटणारे उच्चार शोधावेत, एक सुरुवातीजवळ आणि एक शेवटाकडे. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर ट्रॅक तेवढे मिलिसेकंद सरकवला की झाले. फरक हळूहळू वाढत गेला, तर वेगात तफावत आहे. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) दोन तासांचा चित्रपट २५ चौकटींच्या प्रतीत ४ मिनिटे ४८ सेकंद आधी संपतो. त्या प्रतीचा ध्वनी २४ चौकटींच्या चित्राला लावायचा, तर तो सुमारे ४.१७ टक्के लांबवावा लागतो. ध्वनी नव्याने एन्कोड करून लांबवावा, म्हणजे बहुतेक प्लेअरवर खात्रीने चालतो. २३.९७६ आणि २४ यांतला फरक किरकोळ वाटतो, पण दोन तासांत तोही सुमारे ७ सेकंदांवर जातो. आणि मधेच एका जागी फरकाने उडी मारली, तर दोन प्रतींची संकलनेच वेगळी आहेत. अशा वेळी ध्वनी त्या त्या ठिकाणी कापून जुळवण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम कानाने, सावकाशच करावे लागते.

शेवटी राहतात ट्रॅकवरच्या खुणा. मात्रोस्कात भाषेची नोंदच नसेल, तर ध्वनी इंग्रजी मानला जातो. नुसता जोडून दिलेला मराठी ध्वनी यादीत इंग्रजी म्हणून दिसू शकतो आणि मराठी निवडू पाहणाऱ्याला तो सापडत नाही. आयएसओ ६३९-२ या भाषासंकेतांच्या मानकात मराठीसाठी ‘एमएआर’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ हे संकेत आहेत, ते आवर्जून भरावेत. ‘डीफॉल्ट’ची, म्हणजे आपोआप निवडल्या जाणाऱ्या ट्रॅकची, खूणही एकाच ध्वनीवर ठेवावी. या खुणा विसरल्या, तरी पुन्हा रिमक्सिंग करावे लागत नाही. एमकेव्हीटूलनिक्समधले हेडर एडिटर त्या फाइलमध्ये जागच्या जागी, क्षणात दुरुस्त करते.