पायातलं भूत

"मॅरो एडिमा म्हणजे हाड सडलं ना रे?" शेजारच्या काकांनी परवा पायाच्या एमआरआयचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. मधुमेह जुना, चवड्याखाली घट्टा, घट्ट्याची जखम झालेली. रात्रभर मोबाइलवर शोधून आणखीच घाबरलेले.

मॅरो म्हणजे हाडातली मज्जा, आणि एडिमा म्हणजे नुसतं पाणी साठणं. जंतुसंसर्गात ते साठतं, तसंच मुक्या मारानं किंवा हाडाला बारीक चीर गेली तरी साठतं. मग फरक कळतो कशावरून? इथे चरबी कामाला येते, आणि मला हा भाग फार आवडतो.

एमआरआयच्या 1.5 टेस्ला ताकदीच्या चुंबकात हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख गिरक्या घेतात. रेडिओलहरीचा धक्का बसला की ते आडवे होतात आणि मग सावरतात. चरबीच्या मोठ्या रेणूंचे हेलकावे या गिरक्यांच्या तालाशी बरेच जुळतात, त्यामुळे मिळालेली ऊर्जा चटकन सोडून देता येते. पाव सेकंदात बहुतेक प्रोटॉन सावरलेले असतात. मोकळ्या पाण्याचे रेणू इतके चपळ, की ताल जुळतच नाही. त्यांना कितीतरी पट वेळ लागतो. धक्के लागोपाठ दिले तर चरबी दर वेळी तयार असते, पाणी अजून पडलेलंच. हेच टी-1 चित्र: चरबी पांढरी, पाणी काळं. मोठ्या माणसाच्या पावलाच्या हाडांत पिवळी, चरबीदार मज्जा असते, म्हणून निरोगी हाड इथे पांढरं दिसतं.

दुसऱ्या चित्राचं नाव स्टर. त्यात प्रोटॉन आधी पूर्ण उलटे करतात. सरळ होताना ते एकदा शून्यातून जातात. चरबीचा तो क्षण साधारण 150 ते 170 मिलिसेकंदांनी येतो. नेमकं तेव्हाच टिपलं की चरबी गप्प, आणि पाणी लखलखीत.

नुसत्या स्टरवर हाड चमकलं तर तो संशय. टी-1 वरही मज्जेचा पांढरेपणा सलग पुसला गेला असेल आणि शेजारी जखम असेल, तर हाडात संसर्ग शिरल्याची शक्यता दाट. सांध्यात शिरला तर पाणी साठतं, अस्तर जाड होतं, गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध दिल्यावर ते उजळतं, सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडं पाणावतात. बोटांच्या लहान सांध्यांत मात्र पाणी न साठताही संसर्ग असू शकतो.

मधुमेही पावलात जंतू बहुधा बाहेरूनच आत जातात, म्हणून जखमेपासून सांध्यापर्यंतची वाट शोधायची. हे महत्त्वाचं, कारण शार्को नावाचा एक तोतयाही आहे. नसा बधिर झालेल्या पावलात हाडं मोडतात, पाऊल लाल आणि गरम होतं, पण पू नसतो. फ्रान्सच्या शार्कोंनी 1868 मध्ये या विकाराचं वर्णन केलं. तो बहुधा पावलाच्या मध्यावर, कातडी शाबूत असतानाही होतो. संसर्ग चवडा, बोटं, टाच अशा दाब पडणाऱ्या जागी. दोन्ही एकत्र असतील तर टी-1 वर गायब झालेली हाडं गॅडोलिनियम दिल्यावरच्या चित्रात पुन्हा आकार घेतात. याला रेडिओलॉजिस्ट 'घोस्ट साइन' म्हणतात. पायातलं एवढं एकच भूत मला मान्य. जखमेवर अंगारा नाहीतर मिशरी चोळून जे उतरवतात, ते नाही.

काकांच्या रिपोर्टच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: टी-1 वर मज्जा शाबूत. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. सांध्यात थोडं पाणी आहे, ते सुईनं काढून, त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, कल्चरला पाठवलंय.