जन आरोग्य योजना: फॉर्म शोधू नका, रेशनकार्ड तपासा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेचा फॉर्म कुठे मिळतो, असं विचारत लोक सेतू केंद्रात हेलपाटे घालतात. असा फॉर्मच नाही. आधी नावनोंदणी लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही. नोंदणी होते ती थेट रुग्णालयात, आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेसाठी तिथे बसणाऱ्या मदतनिसाच्या टेबलावर. तिथे मुख्यतः दोन कागद बघतात: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, शक्यतो आधार. त्यामुळे खरी तयारी करायची ती घरात कोणी आजारी पडण्याआधी, रेशनकार्ड नीट करून.

पूर्वी ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. पांढऱ्या कार्डावर फक्त आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांना लाभ मिळे. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं आणि उपचारखर्चाचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर गेलं. हे ५ लाख अख्ख्या कुटुंबाला मिळून, वर्षाला. वडिलांच्या बायपासला दोन लाख गेले, तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी तीन उरतात.

आता रेशनकार्ड काढा आणि आधारशेजारी ठेवून एकेक नाव वाचा. कार्डावर ‘सुनंदा मारुती’ आणि आधारवर ‘सुनंदाबाई मारुतीराव’ असेल, तर मंजुरी देणारा शंका काढून प्रकरण परत पाठवू शकतो आणि रुग्ण खाटेवर ताटकळतो. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं, ही आणखी एक नेहमीची भानगड. कार्ड जुनं, हस्तलिखित असेल तर त्याचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का, हे रेशन दुकानदाराला विचारा. नाव चढवणं, कमी करणं, दुरुस्ती ही कामं तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतात, मुंबईत शिधावाटप कार्यालयात. त्याला वेळ लागतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे उरकत नाही.

लहान मुलांचं नाव बऱ्याच कार्डांवर चढवलेलंच नसतं. तान्ह्या बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तर बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा फोटो आणि त्यांचं रेशनकार्ड व ओळखपत्र हाताशी ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतात, म्हणून त्याच्या आधारला पालकाचा चालू मोबाइल नंबर जोडलेला बरा. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाच्या हृदयाला छिद्र किंवा दुभंगलेला ओठ आढळला असेल, तर त्यांची संदर्भ चिठ्ठी टाकून देऊ नका.

रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सरकारने सामील करून घेतलेलं असलं पाहिजे, आणि तुम्हाला हवा तो विभागसुद्धा. हाडांसाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय कर्करोगासाठी नसू शकतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. निघण्याआधी १५५३८८ या टोल-फ्री नंबरवर आजाराचं नाव सांगून विचारा.

तिथे पोचल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्र गाठा, कॅश काउंटर नंतर. तो नोंदणी करतो, डॉक्टर तपासण्या करून उपचार ठरवतात, आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून द्यायचे. मात्र ‘आधी पैसे भरतो, नंतर योजनेतून परत घेऊ’ हा हिशेब इथे चालत नाही. ही योजना कॅशलेस आहे, तुमच्या खात्यात काही येत नाही. साधा ताप, बाह्यरुग्ण विभागातली तपासणी वगैरे यात बसत नाही, यादीतलेच उपचार.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडल्यानंतर १० दिवसांची औषधं धरलेली असतात. तरी कोणी औषध बाहेरून आणायला सांगितलं किंवा डिपॉझिट मागितलं, तर भांडत बसू नका. पक्की पावती मागा, आरोग्यमित्राला दाखवा, १५५३८८ वरच तक्रार नोंदवा. पावतीशिवाय तक्रार लुळी पडते.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड ही वेगळी गोष्ट, पण ज्यांना मिळतं त्यांनी काढून ठेवावं, कारण ते परराज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालतं. २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतली कुटुंबं, तसंच अंत्योदय आणि प्राधान्य गटातली कार्डं त्यात येतात. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा आपले सरकार केंद्रात रेशनकार्ड क्रमांकाने नाव शोधून आधारची केवायसी (ओळख पडताळणी) करायची. कार्ड प्रत्येकाचं वेगळं निघतं, मुलांचंही. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कोणी असेल तर उत्पन्न न बघता त्यांचं वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड निघतं. त्याला फक्त आधार लागतं.