नागपुरातली ‘कॅम्पस’ची तयारी आली कुठून?

‘कॅम्पस’ म्हणजे कंपन्यांनी कॉलेजातच येऊन केलेली भरती. तिच्यासाठी अ‍ॅप्टी (अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट), कोडिंग, मॉक जीडी (गटचर्चेचा सराव), रेझ्युमे. नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तिसऱ्या वर्षापासून ही धांदल सुरू होते. ती फार जुनी मात्र नाही.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्यानंतर कित्येक वर्षं इथल्या पदवीधराचं ध्येय एकच, सरकारी नोकरी. त्यात नवल नव्हतं, कारण १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. राजधानी गेली तरी एजी (महालेखापाल) ऑफिस, रेल्वे होतीच; पुढे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आली. १९७५ मध्ये वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आली. तयारी म्हणजे स्पर्धा परीक्षा, टायपिंग आणि धीर. कंपन्यांची वाट धरायची ती एलआयटी (१९४२) किंवा व्हीआरसीई (१९६०, आताचं व्हीएनआयटी) या जुन्या तांत्रिक कॉलेजांतल्या मोजक्या मुलांनी.

चित्र बदललं ते १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडल्यावर. वायसीसीई आणि रामदेवबाबा ही दोन्ही कॉलेजं १९८४ ची. १९९१ नंतर परदेशी ग्राहकांची कामं करणाऱ्या भारतीय आयटी कंपन्यांना दरवर्षी हजारोंनी मुलं हवी होती. प्रोग्रामिंग त्या स्वतःच्या ट्रेनिंगमध्ये शिकवणार होत्या. कॉलेजातून हवा होता लवकर शिकू शकणारा, मग तो सिव्हिलचा का असेना. म्हणून आली ती चाळणी: अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, जीडी, आणि दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के. बारावीला ५८ पडलेल्या मुलाचं नाव यादीतच येत नसे, मग पुढच्या सात सेमिस्टरला त्याला कितीही चांगले गुण मिळोत. कॉलेजांनीही तयारी करून घेतली ती या चाळणीची, कामाची नव्हे. माझ्या मते आजचा निम्मा घोळ तिथलाच आहे. टीपीओची (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याची) खोली म्हणजे नोकरीचा दरवाजा, हे समीकरणही तेव्हाच पक्कं झालं.

बीएस्सीवाल्यांसाठी विप्रोने १९९५ मध्ये नोकरी करता करता पुढची पदवी देणारी योजना काढली. बीए-बीकॉमच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, आणि विद्यापीठात गर्दी तर त्यांचीच.

२००२ मध्ये मिहान या नागपूर विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पासाठी एमएडीसी ही सरकारी कंपनी स्थापन झाली. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस तिथे आल्या, तरी पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स काही रिकाम्या धावल्या नाहीत. आता जागतिक बँका, औषध कंपन्या, वाहन कंपन्या पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये स्वतःची केंद्रं चालवतात. ही केंद्रं आयटी कंपन्यांसारखी घाऊक भरती करत नाहीत; इंटर्नशिपमध्ये काय केलं, ते विचारतात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) अभ्यासक्रमातच आली. काटोल-भंडाऱ्याकडची बीकॉमची मुलगी ती सीएच्या ऑफिसात करते. व्यापाऱ्याची खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या नोंदींशी ताडून बघायची, फरक निघाला की फोन लावायचा. जागतिक कंपन्यांच्या फायनान्स केंद्रांतलं सुरुवातीचं काम याच जातीचं असतं. पण हे तिला कुणी सांगत नाही, रेझ्युमेवर ‘ओजेटी पूर्ण’ एवढंच येतं. आणि नागपुरातल्या पूल कॅम्पसचा (अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीचा) निरोप तिच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला तर आला, तोही आदल्या रात्री.