सूक्ष्म पतंगांचे छायाचित्रण (खानदेश)

काही मिलिमीटर लांबीच्या पतंगांची, पंखांवरचे खवले सुटे दिसतील इतक्या जवळून केलेली मॅक्रो फोटोग्राफी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत सातपुड्याच्या रानाइतकाच कपाशीचा मळाही तिला सोयीचा आहे. या छंदासाठी तोरणमाळ गाठलेच पाहिजे असे नाही.

इथल्या शेतकऱ्याला गुलाबी (शेंदरी) बोंडअळी चांगलीच ठाऊक असते, तिचा पतंग मात्र क्वचितच कुणी निरखून पाहिलेला असतो. गुजरातेतल्या भडोचच्या कपाशीवरून पाठवलेल्या नमुन्यांवरून इंग्रज कीटकशास्त्रज्ञ साँडर्स यांनी केलेले या जातीचे पहिले वर्णन १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. बसलेला पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करड्या-तपकिरी रंगाचा. कॅमेऱ्यातून पाहिल्यावर डोक्यापुढे वर वळलेल्या दोन मिशा दिसतात. त्या खऱ्या मिशा नसून मुखांगे आहेत. मागच्या पंखांना झालरीसारखे लांब केस असतात. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नरांना ओढून पिशवीत अडकवणारा सापळा) या जातीचे नर हमखास सापडतात, पण पिशवीत फडफडून त्यांचे खवले झडलेले असतात. मोजणीला ते चालतात, फोटोला नाही. फोटोसाठी पांढरी चादर आणि दिवा बरा. पावसाळ्यातली अमावास्येच्या आसपासची रात्र उत्तम. तुडतुडे आणि किडे तोंडावर येणार हे मात्र धरून चालावे.

खरी अडचण फोकसची. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एकास एक प्रमाणावर, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा पतंगाएवढीच असताना, भिंगाचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवले तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. प्रतिमा दुप्पट केली की अर्धाच मिलिमीटर. डोळा धरला तर पंखाचे टोक धूसर होते. छिद्र आणखी लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनाने (छिद्राच्या कडांशी तो पसरल्याने) सगळेच मऊ पडते. म्हणून कॅमेरा किंचित पुढे सरकवत अनेक फोटो घेऊन ते संगणकावर जोडतात. त्यासाठी पतंग निश्चल हवा, आणि तसा तो मिळतो हिवाळ्यातल्या पहाटे. थंडीने तो गारठलेला असतो आणि कपाशीचा हंगामही चालू असतो. खवले चकाकतात, त्यामुळे फ्लॅशपुढे बटर पेपर लावावाच लागतो.

नुसत्या फोटोवरून अनेक जाती ओळखता येत नाहीत. जननांगांचे विच्छेदन करावे लागते. तरीही वरून एक, बाजूने मुखांगांचा एक आणि आलेख कागदावर ठेवून एक, असे तीन फोटो घेतले आणि तारीख, गाव व जवळचे पीक टिपले, तर तज्ज्ञाला निदान कुळापर्यंत पोहोचता येते. काळ्या पार्श्वभूमीवरचा देखणा फोटो या कामी फारसा येत नाही.