स्टेशनवरचा चार्जर आणि चलानची फाइल

‘ठाणे स्टेशनवर फोन चार्जिंगला लावू नका, खातं रिकामं होईल’ हा मेसेज दर काही महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हजेरी लावतो. शंका अगदीच बिनबुडाची नाही. यूएसबी केबलमध्ये विजेच्या तारांशेजारी डेटाच्याही तारा असतात, आणि चार्जरमधून फोनच्या डेटापर्यंत पोहोचता येतं हे २०११ च्या डेफ कॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवलं गेलं होतं. पण आजचा फोन डेटा देण्याआधी तुम्हाला विचारतो. हे ‘हो’ चार्जरनेच परस्पर दाबण्याची युक्ती ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवली, त्यावरही अपडेट आले. घरचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावलात तर तोही प्रश्न मिटला.

खरी चोरी होते ती त्याच ग्रुपवर आलेल्या फाइलमुळे. ‘घोडबंदर रोडवर सिग्नल तोडलात, चलान जोडलं आहे.’ फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’. म्हणजे तो कागद नाही, अ‍ॅप आहे. उघडताना फोन दोनदा अडवतो: अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकू का, आणि एसएमएस वाचायची-पाठवायची परवानगी देऊ का. घाबरलेला माणूस दोन्हीला होकार देतो.

एसएमएसच का, हे समजून घेण्यासारखं आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना अ‍ॅप आपल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस गुपचूप पाठवतं. तो कोणत्या नंबरवरून आला ते पाहून खातं त्या फोनशी बांधलं जातं. गोम इथेच आहे. एसएमएसवरून सिम कळतं. मजकूर कोणत्या फोनवर तयार झाला ते कळत नाही. चोर यूपीआय अ‍ॅप स्वतःच्या फोनवर सुरू करतो, तयार झालेला मजकूर उचलतो आणि खोट्या अ‍ॅपकरवी तुमच्या फोनवरून पाठवतो. तुमचं खातं त्याच्या फोनशी बांधलं जातं. उरला पिन. नवा पिन ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. कार्डाचा तपशील तुम्ही ‘दंड भरा’च्या फॉर्ममध्ये भरलेला असतो आणि ओटीपी ते अ‍ॅप वाचतं. सिम तुमच्याच खिशात, रेंजही पूर्ण, त्यामुळे संशयही येत नाही.

यावर दोन-दोन अँटीव्हायरस आणि ‘क्लीनर’ टाकून बसणं म्हणजे फोनला लिंबू-मिरची बांधणं. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये ‘अननोन अ‍ॅप्स’ उघडून व्हॉट्सअ‍ॅपसमोरची परवानगी बंद करा. चलानची शंका असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पाहा.

फाइल उघडली गेलीच असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते. मग अ‍ॅप काढा. त्याचा आयकॉन बहुधा लपलेला असतो, म्हणून सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत शोधा. ‘अनइन्स्टॉल’ दाबलं जात नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ (खास अधिकार दिलेल्या अ‍ॅप्सच्या) यादीतून त्याचा टिकमार्क काढून पुन्हा प्रयत्न करा. आणि ग्रुपवर लगेच कळवा, कारण तीच फाइल आता तुमच्या नावाने पुढे गेलेली असू शकते.